पडसादवाली

ओर्सेत्ता व्हायोलिनच्या गजाला राळ घासत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. पांढरी भुकटी तिच्या निळ्या झग्यावर, बाकावर, शेजारणीच्या मांडीवर उडत होती.

“अगं, गज आहे तो, कढईचं बूड नव्हे,” बोर्तोला मावशी म्हणाली.

“हात गार पडलेत, मावशी.”

“सिरोकोचा दमट वारा सुटलाय, भिंतींना घाम फुटलाय आणि हिचे हात गार! आण इकडे.”

बोर्तोलाने तिचे दोन्ही हात आपल्या पंजात घेऊन खसाखसा चोळले. मावशीचे पंजे नावाड्यासारखे होते. तिच्यापेक्षा उंच असलेला तो खर्जाचा मोठा बास तीस वर्षं ओढून ओढून बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. बास तिच्या पाठीशी भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणी धक्का लावला तर ती पोटच्या पोराला लागल्यासारखी ओरडायची.

सज्जाखाली चर्च भरत होतं. सेन्साचा, येशूच्या स्वर्गारोहणाचा सण, व्हेनिसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, आणि सगळ्या परदेशी पाहुण्यांना एकच ध्यास लागलेला, जाळीआडच्या मुलींचं संगीत ऐकायचा. कालव्यातून नावा एकमेकींना घासत येत होत्या आणि नावाड्यांच्या शिव्या उघड्या खिडकीतून सरळ सज्जात चढत होत्या. मुली फिदीफिदी हसत होत्या. कुणी कानामागे डाळिंबाचं फूल खोचत होतं, कुणी सनईसारख्या ओबोची पत्ती जिभेवर भिजवत होतं. वास्तविक जाळीतून खालच्यांना काय दिसणार? फार तर एखादी सावली, नाहीतर एखादं फूल. पण नटायचं ते नटायचंच.

आमच्या या अनाथांच्या घरात मुलींना बापाचं नाव नसतं. रात्री दारातल्या फिरत्या पाळण्यात कुणीतरी बाळ ठेवून जातं, त्याच्याबरोबर नाव थोडंच ठेवतं? म्हणून जी वाजवते तिला वाद्याचं नाव मिळतं. बासवाली बोर्तोला. ओबोवाली झाबेत्ता. व्हायोलिनवाली वित्तोरिया. हे नाव एकदा लागलं की मरेपर्यंत कुणी काढून घेत नाही. संगीताच्या टेबलावर जागा मिळते, जेवताना वाइन मिळते, शिकायला पोरी मिळतात. आणि जिला नाव लागत नाही ती लेस विणायच्या खोलीत जाते. लेसची खोली म्हणजे काही नरक नव्हे, तिथंही माणसंच आहेत. पण तिथे दिवसभर मान खाली घालून गप्प बसायचं असतं, आणि ओर्सेत्ताला गप्प बसवलं तर तिची बोटं आपोआप टेबलावर वाजू लागायची. लेसवाल्या बाई तिच्या बोटांवर पट्टी मारून थकल्या होत्या.

ओर्सेत्ता एकोणीस वर्षांची झाली होती आणि अजून नुसतीच ओर्सेत्ता होती. या सेन्सानंतर तिचा निकाल लागणार होता. आत, नाहीतर कायमची लेस.

आजवर ती अडली होती ती वित्तोरियाच्या एका वाक्यावर. वित्तोरियाचं नाव ऐकून डेन्मार्कपासून माणसं यायची. गेल्या वर्षी परीक्षेला ओर्सेत्ताने वाजवलं, सगळ्या माना डोलल्या, आणि वित्तोरिया म्हणाली, “कान आहे. स्वतःचं काही नाही. पोपट आहे.” झालं, एवढ्यावर विषय मिटला.

यंदा नवीन रचना आली. तिच्यात एक व्हायोलिन या सज्जात सगळ्यांबरोबर आणि दुसरं समोरच्या सज्जात एकटं. पहिलीने ओळ वाजवायची, दुसरीने तिचं शेपूट तेवढं हलकेच परत करायचं, डोंगरातून पडसाद यावा तसं. दुसरी कोण, म्हणून विचार सुरू झाला तेव्हा वित्तोरिया आपल्या खुंट्या पिळता पिळता म्हणाली, “पोपटाला द्या की. तेच तर येतं तिला.”

सगळ्या हसल्या. ओर्सेत्ताही हसली, आणि मग जिन्यात जाऊन रडली. पण भाग तिने घेतला.

“झालं का?” मोठ्या बाई हातातली कागदाची सुरळी आपटत आल्या. घरातल्या सगळ्या वाद्यांवर त्यांची सत्ता. त्या सुरळीने ताल द्यायच्या आणि वेळ पडली तर डोक्यातही घालायच्या. “ओर्सेत्ता, पलीकडे जा. काय सांगितलंय?”

“कागद बघायचा, बाई. कानावर जायचं नाही.”

“का?”

“इकडचा आवाज तिकडे पोचायला उशीर होतो. ऐकून वाजवलं तर मी मागे पडेन.”

“आणि?”

“तुमच्या सुरळीकडे बघायचं. कागदावरचा एक सूर इकडचा तिकडे झाला तर...”

“तर लेसची खोली,” मोठ्या बाई म्हणाल्या. “खाली विश्वस्त बसलेत. मला तोंडघशी पाडू नकोस. पळ.”

ती व्हायोलिन पोटाशी धरून निघाली. दारात वित्तोरिया उभी होती, उंच, सरळ, डावा हात झग्याच्या घडीत लपवून. ती बाजूला झाली, पण वर बघितलं नाही.

“पोपटा,” ती म्हणाली, “चोच उघडायची ती मी थांबल्यावर. आधी नाही.”

“हो, ताई.”

समोरच्या सज्जात माणूस नव्हतं. एक स्टँड, एक कागद, जाळी, आणि छतापर्यंत ओलसर हवा. ओर्सेत्ताने तारा जुळवल्या. आतड्याच्या तारा त्या, ताती, सिरोकोत लगेच फुगतात, चोरासारख्या सुरातून खाली सरकतात. तिने पुन्हा जुळवल्या. जाळीच्या फुलांमधून चर्चच्या पोकळीपलीकडची जाळी दिसत होती, तिच्यामागे मेणबत्त्या, आणि वर उचललेली पांढरी सुरळी.

सुरळी खाली आली आणि सगळं एकदम सुरू झालं.

ओर्सेत्ता आजवर नेहमी त्या घोळक्याच्या आतच बसली होती, मागच्या बाकावर, पानं उलटायला. बाहेरून हे तिने कधी ऐकलंच नव्हतं. देवा रे! व्हायोलिनांची सगळी फौज एका दमात जिना चढत होती. ओबो त्यांच्याच वाटेने जात होते, पण त्यांच्यामुळे त्या आवाजाला धार आली होती. व्हायोलिनहून जरा मोठ्या, मधल्या सुरातल्या व्हिओला, ज्यांना रोज सगळ्या हिणवतात, कारण त्यांचं वाजलेलं कुणाला कळत नाही, त्या इकडून ऐकल्यावर कळत होत्या. त्या होत्या म्हणून वर आणि खाली यांच्यात भगदाड पडत नव्हतं. ऑर्गन आणि लांब मानेचं तंतुवाद्य थिऑर्बो मोकळ्या जागा भरत होते. आणि या सगळ्याखाली बोर्तोला मावशी. धम्, धम्, धम्. फरशीतून, भिंतीतून, ओर्सेत्ताच्या टाचांतून तो खर्ज वर येत होता. मावशी नेहमी बढाई मारायची, वरच्यांनी हवं ते नखरे करावेत, घर माझ्या खांद्यावर उभं आहे. ओर्सेत्ताला वाटायचं, म्हातारी फुशारक्या मारते. छे, मावशी कमीच सांगत होती!

मग सगळे थांबले आणि वित्तोरिया एकटी निघाली. ओळ वर गेली, गिरकी घेऊन खाली आली. ओर्सेत्ताने कागद बघितला, सुरळी बघितली आणि शेपूट परत केलं. हलकेच, दूरचं असल्यासारखं. खालच्या गर्दीतून एक सुस्कारा आला. डोकी वळली. आवाज कुठून आला म्हणून लोक छताकडे बघू लागले. पुन्हा ओळ, पुन्हा शेपूट. ओर्सेत्ताला हसू आवरेना. तिचे हात गरम झाले होते.

पहिला भाग संपला आणि खाली खोकल्याची साथ आल्यासारखं झालं. चर्चमध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात, म्हणून आमचे लोक खोकतात, नाकं शिंकरतात, बूट घासतात. जेवढं आवडलं तेवढा खोकला. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तर इतका खोकला की शेजारच्याने त्याची पाठ थोपटली.

दुसरा भाग संथ होता. व्हायोलिनांनी गज खाली ठेवले. उरल्या तिघी: वित्तोरिया, खर्जात बोर्तोला बोटाने तारा छेडत असलेली, आणि पलीकडे ओर्सेत्ता.

वित्तोरियाने पहिली ओळ घेतली. ती एक एक पायरी वर जात होती, थांबत, श्वास घेत, आणि शेवटी सगळ्यात उंच सुरावर पोचायची होती. तो सूर लख्ख होता, उजेड पाडणारा. सगळी ओळ त्याच्यासाठीच लिहिली होती. वित्तोरिया तिथवर आली आणि सूर लागला तो अर्धा स्वर खाली.

शुद्धच्या जागी कोमल! एवढ्या मोठ्या चर्चमध्ये, एवढ्या शांततेत, तो सूर उभा राहिला, भलत्याच दारात शिरलेल्या पाहुण्यासारखा. वित्तोरियाने तो सोडला नाही, सोडता येणारच नव्हता. पलीकडे सुरळी हवेत थबकली. खाली पहिल्या रांगेत एका विश्वस्ताने मान वर केली.

आता ओर्सेत्ताची पाळी होती.

कागदावर बरोबर सूर होता, काळ्या शाईत, ठसठशीत. तो वाजवला की झालं. सगळ्या व्हेनिसला कळलं असतं की वित्तोरिया चुकली आणि जाळीमागच्या कुणा पोरीने तिला दुरुस्त केलं. ज्या बाईने तिला पोपट म्हटलं होतं तिची चूक आणि तिचं उत्तर, दोन्ही विश्वस्तांच्या कानांवर एकापाठोपाठ पडलं असतं. आणि तो नाही वाजवला, तर मोठ्या बाईंच्या लेखी चूक ओर्सेत्ताची. कागद सोडला की लेस. विचार करायला जेमतेम एक श्वास होता.

तिने कागदावरून नजर काढली, डोळे मिटले आणि गज ठेवला.

तोच सूर. तसाच अर्धा उतरलेला, पण आणखी हलका, आणि शेवटी किंचित लांबवलेला, जणू तिला तो सोडून जाववत नव्हता.

खाली कुणी हललं नाही. पडसाद खोटं थोडाच बोलतो? डोंगराने परत दिलं म्हणजे तसंच होतं. जे एका क्षणापूर्वी घसरणं होतं, त्याचं आता दुःख झालं होतं, आणि दुःख अगदी जागच्या जागी बसलं होतं.

पलीकडे वित्तोरिया गप्प होती. ओर्सेत्ताच्या छातीत ठोके पडत होते, ते व्हायोलिनच्या लाकडात ऐकू येत होते. आता ती पुढची ओळ कागदाप्रमाणे घेईल, आणि मग हा सूर दोघींच्या मध्ये मेल्या माशासारखा पडून राहील.

तेवढ्यात फरशीतून आलं: धम्. बोर्तोला मावशीने खर्ज बदलला होता. कागदावरची जागा सोडून ती एक पायरी खाली उतरली, आणि तिच्या एका पावलाने सगळी खोलीच फिरली. त्या नव्या खर्जावर तो कोमल सूर पाहुणा राहिला नाही, घरचा झाला.

वित्तोरियाने गज उचलला आणि तीच ओळ पुन्हा घेतली, पुन्हा त्याच कोमल सुरावर गेली, आता मुद्दाम, आणि तिथे तिने एक गिरकी घेतली जी कुठल्याच कागदावर नव्हती. ओर्सेत्ताने ती परत केली. वित्तोरियाने दुसरी टाकली, जास्त अवघड. ओर्सेत्ताने तीही झेलली आणि शेवटाला आपला एक छोटा कंप जोडला. पलीकडून तो कंप परत आला! वित्तोरिया तिला पडसाद देत होती. कोण बोलतंय आणि कोण परत करतंय हे आता खालच्यांना कळेना, वरच्यांनाही कळेना. मोठ्या बाईंची सुरळी कधीच खाली आली होती. बोर्तोला मावशी खाली वाट टाकत होती आणि दोघी तिच्यावरून नाचत चालल्या होत्या.

शेवटचा सूर विरला न विरला तोच मावशीने थांबायला सवड न देता तिसऱ्या भागाचा पहिला ठोका हाणला, आणि अख्खी फौज तिच्यामागे धावली. ओबो, व्हिओला, ऑर्गन, सगळे सुसाट. ओर्सेत्ता समोरच्या सज्जात एकटी होती आणि मोठ्याने हसत होती. कुणाला ऐकू जाणार होतं?

संपल्यावरचा खोकला वर्णन करण्यापलीकडचा होता. लोक खोकले, त्यांनी नाकं शिंकरली, बाकं सरकवली. एक परदेशी बाई उभी राहून पाय आपटत होती आणि तिचा नवरा तिला खाली ओढत होता.

ओर्सेत्ता जिना उतरून पळत पळत पलीकडच्या वाद्यांच्या खोलीत आली आणि दारातच थबकली. आत वित्तोरिया एकटी होती. बाकीच्या अजून सज्जात कलकलाट करत होत्या.

“तात उतरली,” वित्तोरिया म्हणाली. “सिरोको.”

“हो, ताई.”

“कागद बघत नव्हतीस.”

“नाही.”

वित्तोरियाने आपलं व्हायोलिन पुढे केलं. ते ती कुणाला हात लावू द्यायची नाही. “पेटीत ठेव,” ती म्हणाली आणि निघून गेली. जाताना डावा हात तिने पुन्हा झग्याच्या घडीत घातला होता.

ओर्सेत्ताने व्हायोलिन दोन्ही हातांनी घेतलं, कापडाने पुसलं. पेटीत ठेवण्याआधी तिने सहज सगळ्यात बारीक तात अंगठ्याने छेडली, मग शेजारची. पुन्हा एकदा छेडल्या.

दोन्ही एकमेकींशी पंचमात चोख होत्या, केसभरही फरक नव्हता. आणि दुसऱ्या भागानंतर खुंटी पिळायला सवडच कुठे मिळाली होती? मावशीने श्वास घेऊ दिला नव्हता.

ती व्हायोलिनच्या मानेकडे बघत राहिली. त्या उंच सुराची जागा करंगळीची होती. करंगळी ताणली तरच तिथे पोचते. नकळत तिने आपला डावा हात समोर धरला, करंगळी लांब केली, आखडली, पुन्हा लांब केली.

बाहेर सुरळी आपटल्याचा आवाज आला. मोठ्या बाई जिना उतरत होत्या.

“ओर्सेत्ता! कुठे आहेस?”

ओर्सेत्ताने व्हायोलिन छातीशी धरलं, बारीक तातेची खुंटी चिमटीत पकडली आणि तात सैल होईल अशी हळूच मागे फिरवली.

मोठ्या बाई आत आल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. “विश्वस्त विचारतायत, मधली ती जागा कुणाची. मी काय सांगू? कागदावर ती नाही. वित्तोरिया म्हणते तात उतरली. उतरली होती का?”

ओर्सेत्ताने व्हायोलिन पुढे केलं.

बाईंनी तात छेडली, शेजारची छेडली. कान खाली नेऊन पुन्हा ऐकलं.

“उतरलीय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “अर्धा स्वर.”

“हो, बाई.”

“अगदी नेमका अर्धा. ना कमी ना जास्त.” त्यांनी तिच्या तोंडाकडे, मग तिच्या अंगठ्याकडे बघितलं. “वारा फार काटेकोर झालाय हल्ली.”

ओर्सेत्ता मान खाली घालून उभी राहिली.

“आणि तू कागद सोडलास.”

“हो.”

“परत सोडशील?”

“ताई तशाच गेल्या तर,” ओर्सेत्ता म्हणाली, “सोडेन.”

मोठ्या बाईंनी सुरळी उचलली. ओर्सेत्ताने डोळे मिटले. पण डोक्यात काही बसलं नाही. डोळे उघडले तेव्हा बाई गेल्या होत्या.

जेवणघरात त्या दिवशी मटार घातलेला भात होता. संगीताच्या टेबलावर इतका गलका चालला होता की वाचन करणाऱ्या सिस्टरने पोथी मिटून टाकली. ओर्सेत्ता नेहमीप्रमाणे लेसच्या मुलींच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाईंनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं.

पास्क्वेता आजी पातेल्यापाशी पळी घेऊन उभी होती. ती नाव पुकारून वाढायची, आणि संगीतवाल्यांना वाद्यासकट.

“ओबोवाली झाबेत्ता! बासवाली बोर्तोला! अगं, किती खाशील? व्हायोलिनवाली वित्तोरिया!”

मग तिने पळी पातेल्याच्या काठावर आपटली. “मोठ्या बाईंनी या टेबलावर एक ताट वाढवायला सांगितलंय. ओर्सेत्ताचं. कुठे आहे ती? ये पुढे. वाद्य?”

सगळ्यांच्या माना वळल्या. ओर्सेत्ता रांगेतून बाहेर आली.

“वाद्य, गं, वाद्य! नुसत्या नावाने मी या टेबलावर वाढत नाही. भात निवतोय.”

“मला... सांगितलं नाही, आजी.”

वित्तोरिया ताटात बघून जेवत होती. चमचा उजव्या हातात होता, डाव्या हाताने पाव धरला होता, आणि त्या हाताची करंगळी बाकीच्या बोटांबरोबर वळत नव्हती. तिने मान वर केली नाही.

“पडसादवाली,” ती म्हणाली.

“काय?”

“पडसादवाली ओर्सेत्ता. वाढ.”

“असलं वाद्य मी नाही ऐकलं बाई जन्मात,” पास्क्वेता म्हणाली.

“स्वयंपाकघरात बसशील तर कसं ऐकशील?” बोर्तोला मावशी तोंडात घास घेऊन म्हणाली. “वाढ मुकाट्याने. आणि जास्त वाढ.”

पास्क्वेताने कुरकुरत पळी भरली. “पडसादवाली ओर्सेत्ता!” तिने पुकारलं आणि ताट पुढे सरकवलं.

ओर्सेत्ताने ते दोन्ही हातांनी धरलं. जेवणघरातही टाळ्यांना बंदी होती. बोर्तोला मावशी खोकली. मग झाबेत्ता, मग व्हिओलावाल्या, मग सगळं टेबल खोकू लागलं, बाकांखाली चपला घासू लागल्या, लेसच्या रांगेतूनही कुणीतरी नाक शिंकरलं. सिस्टर शू शू करत राहिली. ओर्सेत्ता ताट घेऊन वित्तोरियाशेजारच्या मोकळ्या जागेपाशी आली तेव्हा खोकला बराच ओसरला होता.

वित्तोरियाने आपला वाइनचा पेला जरा बाजूला सरकवला, तिला ताट ठेवायला जागा केली, आणि घशात कण अडकावा तशी एकदाच, हलकेच खोकली.